पटावरच्या दाण्यांचे अवयव

प्रश्न : बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा १ दाणा, पुढच्यात २, मग ४ असं दुप्पट करत गेलं, की चौसष्ट घरांत मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. शेवटी ५ आहे म्हणून ५ ने भाग जातो, अंकांची बेरीज ८७ म्हणून ३ नेही. पुढचे अवयव हाताने निघतील का? माझ्या कॅलक्युलेटरवर ही संख्या मावत नाही. – नववीतली वाचक, सातारा

उत्तर : निघतील. दोन्ही कसोट्या तू बरोबर लावल्यास, पण वीस अंकी संख्येला एकेका मूळ संख्येने भागत बसलीस तर दमशील. आधी पटाकडे बघ.

पहिल्या ओळीतल्या आठ घरांत २५५ दाणे. दुसऱ्या ओळीतलं प्रत्येक घर वरच्या घराच्या २५६ पट. म्हणजे दोन ओळींत मिळून २५५ × २५७ = ६५,५३५. त्याखालच्या दोन ओळी या दोन ओळींच्या ६५,५३६ पट, म्हणून चार ओळींत ६५,५३५ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. हा झाला अर्धा पट. खालचा अर्धा याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणून सगळे दाणे = ४,२९,४९,६७,२९५ × ४,२९,४९,६७,२९७.

२५५ चे अवयव तोंडी येतात : ३ × ५ × १७. एकही मोठा भागाकार न करता ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हाती आले, आणि पाचही मूळ आहेत! वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र हेच सांगतं, पण ते पाठ असलेल्या मुलांनाही इथे वापरायचं सुचत नाही. म्हणून मी वर्गात ते पटावरूनच शिकवायचे.

आता उरली ४,२९,४९,६७,२९७. इथे खरी मजा आहे. २ चा वर्ग, त्याचा वर्ग असं करत जायचं आणि प्रत्येकात १ मिळवायचा : ५, १७, २५७, ६५,५३७… या रांगेतल्या सगळ्या संख्या मूळच असणार, असं सतराव्या शतकात फर्माला वाटत होतं. रांगेतली पुढचीच संख्या ही. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं, की तिला ६४१ ने भाग जातो : ६४१ × ६७,००,४१७.

पुढे त्यानेच सिद्ध केलं, की या संख्येचा मूळ भाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. अशा मूळ संख्या फार थोड्या : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य. भागाकार करून बघच.

मग ६७,००,४१७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ २,५८८ च्या थोडं पुढे, तेव्हा तिथपर्यंतच बघायचं. लहान संख्या आधीच बाद झाल्या. राहिल्या पुन्हा एकदा ६४१, मग ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ आणि २,११३. एकानेही भाग जात नाही, म्हणून ती मूळ.

तुझं उत्तर : ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७. सातही अवयव वेगळे. प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून १ आणि ती स्वतः धरून या संख्येला १२८ भाजक आहेत.