खडकातलं कुजतं की पचतं?

निपाणीच्या एका शिक्षिकेनं विचारलंय : विज्ञानाच्या पाठाचं मराठी करताना त्यांनी लिहिलं, ‘अवसादी खडकातील कोट्यवधी वर्षांपूर्वीचे सेंद्रिय पदार्थ जिवाणू कुजवतात.’ (अवसादी म्हणजे गाळ साचून झालेला.) सहकारी म्हणाले, कुजायचं ते केव्हाच कुजून गेलं, आता दगडात कुजणार काय? ‘विघटन करतात’ लिहा. कोण बरोबर?

माझ्या मते दोघंही थोडे चुकले.

आधी ‘कुजवणे’. चिकोडीकडचा ऊसवाला म्हणतो, ‘औंदा पाचट जाळलं नाही, सरीत कुजवलं.’ यात कुजवणारा तो स्वतः. जिवाणू राबतात, पण वाक्यात त्यांना जागा नाही. ‘पाचट कुजलं’ म्हटलं तर शेतकरीही गेला, सगळं आपसूक झालं. म्हणजे हे क्रियापद मुळात खाणाऱ्याला दिसू न देणारं आहे. शिवाय त्याला ओल लागते, वास लागतो. आमच्या शेजारच्या कन्नड अक्का पाटीतला टोमॅटो बाजूला काढताना ‘कोळेतु होगिदे’ म्हणतात, तेव्हा तोच वास नाकाशी येतो. काळ्या शेलच्या, म्हणजे बारीक चिखलाचे थर दाबून झालेल्या खडकाच्या, तुकड्याला कसला वास?

सहकाऱ्यांचा मुद्दा निम्मा खरा. गाळात पुरलेल्या शेवाळाचा, वनस्पतींचा सहज खाण्याजोगा भाग जिवाणूंनी फार पूर्वीच फस्त केलेला असतो. उरतो तो केरोजेन, कुठल्या नेहमीच्या द्रावकात न विरघळणारा, चिवट. पृथ्वीच्या पोटात पुरेशी आच मिळाली तर त्याचं तेल होतं, नाहीतर तो तसाच दगडात पडून राहतो. पण तो दगड उघड्यावर आला, हवापाणी लागलं, की त्यातला हा कार्बन कमी होत जातो. काळा शेल फिका पडतो.

तो कमी होतो त्यात जिवाणूंचा हात आहे का, हे पेट्श, एग्लिंटन आणि एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी 2001 साली तपासलं. अमेरिकेतल्या केंटकीतला सुमारे 36.5 कोटी वर्षं जुना न्यू अल्बनी शेल घेऊन त्यावर जिवाणू वाढवले आणि त्यांच्या पेशींच्या आवरणातले मेदपदार्थ मोजले. ताज्या अन्नात कार्बन-14 असतो, कार्बनचा हळूहळू नाहीसा होणारा प्रकार. त्याचं अर्धायुष्य 5,730 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो; इतक्या जुन्या दगडात तो औषधालाही सापडायचा नाही. त्या मेदातल्या कार्बनपैकी 74 ते 94 टक्के असाच कार्बन-14 नसलेला, दगडातून आलेला निघाला. आपल्या भाषेत, दगडातलं अन्न त्यांच्या अंगी लागलं होतं.

म्हणून माझी पसंती ‘पचवणे’ला. ‘विघटन’ चूक नाही, पण त्यात फक्त मोडणं आहे. मोडलेलं गेलं कुठं, ते कळत नाही. (आणि आमच्या सीमाभागात ‘विघटन’ म्हटलं की आधी संघटना फुटल्याचीच आठवण येते, ते वेगळं.) ‘पचवणे’त खाणारा समोर दिसतो आणि खाल्लेल्याचं अंग होणंही येतं. मूळ धातू ‘पच्’ म्हणजे शिजवणे. पृथ्वीनं अर्धकच्चं ठेवलेलं जिवाणू पुरतं करतात, असं म्हणायला हरकत नाही.

खुद्द खडकाला मात्र कुजणं-पचणं दोन्ही लावू नका. खडक झिजतो, भुगा होतो, मुरूम होतो. मुलांना उदाहरण म्हणून बेळगावचा काळा दगडही दाखवू नका, तो लाव्ह्याचा. गोकाकचा धबधबा पडतो तो खडक गाळाचा खरा, पण वाळूचा, आणि जमिनीवर झाडं येण्याच्या कितीतरी आधीचा. जिवाणूंच्या ताटात तिथं फारसं काही पडत नाही.

‘अवसादी’ही हिंदीतून आलेलं वाटतं, ‘गाळाचे’ करा. वाक्य असं होईल : ‘गाळाच्या खडकात कोट्यवधी वर्षं अडकून राहिलेले सेंद्रिय पदार्थ, खडक उघडा पडला की, काही जिवाणू पचवतात.’ ‘काही’ गाळू नका, सगळ्यांना ते जमत नाही.