एकर विकू नका, पोराच्या हाती आधी लेदर बॉल द्या

पालकाचं पत्र : आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि सोयाबीन. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीत गेला. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये आसपासची गावं त्याला आपल्या टीमकडून खेळायला नेतात, कारण तो लांब लांब सिक्सर मारतो. त्याला हार्दिक पांड्यासारखा ऑलराउंडर व्हायचं आहे. बॉलिंग येते, पण मन लावून करत नाही. म्हणतो, ‘बक्षीस तर सिक्सरलेच भेटते.’ नागपूरच्या एका अकादमीने राहण्या-खाण्यासकट वर्षाला एक लाख ऐंशी हजार सांगितले. रस्त्यालगतचा एक एकर विकावा असं मनात आहे. त्याची आई नाही म्हणते. काय करावं? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर :

भाऊ, नमस्कार.

एकर विकू नका. त्याच्या आईचं बरोबर आहे. पण याचा अर्थ मुलाचं क्रिकेट बंद करा, असा घेऊ नका. तुमच्या पत्रात मला जास्त काळजीची वाटली ती गोष्ट पैशाची नाही, त्याच्या त्या एका वाक्याची आहे. सिक्सरला बक्षीस मिळतं, हे गावच्या मैदानापुरतं खरं आहे. वरच्या क्रिकेटमध्ये सिक्सर मारणाऱ्या ऑलराउंडरला संघाचं दार बहुतेक वेळा त्याच्या बॉलिंगने उघडून दिलेलं असतं.

तुमच्या मुलाने लान्स क्लुसनरला खेळताना पाहिलं नसेल, पण तुम्हाला 1999चा विश्वचषक आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेचा हा खेळाडू डर्बनकडच्या उसाच्या शेतांत वाढला. झुलू भाषा अस्खलित बोलायचा, म्हणून संघात त्याचं नावच ‘झुलू’ पडलं. डाव्या हाताने बॅटिंग, उजव्या हाताने वेगवान बॉलिंग. त्या विश्वचषकात त्याने 281 धावा केल्या, 17 बळी घेतले आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अख्ख्या स्पर्धेत तो दोनदाच बाद झाला. एजबॅस्टनच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 16 चेंडूंत नाबाद 31 केल्या. शेवटच्या षटकातल्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार ठोकून त्याने धावसंख्या बरोबरीत आणली. मग त्याचा जोडीदार डोनाल्ड धावबाद झाला, सामना बरोबरीत सुटला आणि आफ्रिका बाहेर गेली. इतक्या वर्षांनंतरही तो सामना आठवला की मला वाईट वाटतं.

हा माणूस संघात आला कसा, ते मुलाला सांगा. नोव्हेंबर 1996, कोलकात्याची कसोटी, त्याचा पहिलाच कसोटी सामना. त्याला घेतलं होतं बॉलर म्हणून. पहिल्या डावात भारताच्या अझरुद्दीनने त्याला लागोपाठ पाच चौकार मारले. दुसरा कुणी असता तर तिथेच खचला असता. दुसऱ्या डावात याच क्लुसनरने 64 धावांत 8 बळी घेतले आणि आफ्रिकेने कसोटी जिंकली. बॅट दिसली ती त्यानंतर. जानेवारी 1997मध्ये केपटाऊनला, भारताविरुद्धच, तो नवव्या क्रमांकावर आला आणि नाबाद 102 करून गेला. म्हणजे शतक ठोकू शकणारा हा गडी संघात टिकून होता तो बॉलिंगवर, आणि बॅटिंग दाखवायची संधी त्याला बॉलिंगनेच दिली. पहिली कसोटी खेळला तेव्हा त्याचं वय 25 होतं. शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना 2004 सालचा. म्हणजे आठ वर्षं, त्यात 49 कसोटी आणि 171 एकदिवसीय सामने. मधल्या काळात घोट्याच्या दुखापतीने वेगही कमी झाला. पंधराव्या वर्षी घाई करणाऱ्या मुलाने हे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

आता हार्दिक. तो नववीत नापास झाला आणि शाळा सोडली, एवढी गोष्ट सगळ्या पोरांना पाठ असते. अठराव्या वर्षापर्यंत तो लेगस्पिन, म्हणजे हळू फिरकी टाकत होता आणि मग प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून वेगवान बॉलिंगकडे वळला, हे फार थोड्यांना माहीत असतं. 2018च्या आशिया चषकात पाठ गेली, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं, 2019मध्ये शस्त्रक्रिया झाली. 2023च्या विश्वचषकात पुण्याला घोटा दुखावला आणि स्पर्धा संपली. एवढं होऊनही त्याने बॉलिंग सोडली नाही. 29 जून 2024च्या टी-20 विश्वचषक अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात 16 धावा वाचवायच्या होत्या, तेव्हा बॉल त्याच्याच हातात होता. त्या दिवशी बॅटने त्याच्या फक्त पाच धावा होत्या. बॉलिंग मात्र 20 धावांत 3 बळी. तुमच्या मुलाला आवडणारा हार्दिक विश्वविजेता झाला तो त्या षटकामुळे.

2023पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेयरचा नियम आला आहे. एक जादा बॅट्समन किंवा बॉलर संघाला मिळतो, त्यामुळे थोडी बॉलिंग आणि थोडी बॅटिंग करणाऱ्याची गरज कमी झाली. ज्याला निव्वळ बॉलर म्हणूनही संघात घेता येईल आणि वर सिक्सरही मारता येतात, त्याला मात्र आजही सगळे शोधत असतात.

आपल्याकडचंच बघा. वर्ध्याच्या दर्शन नळकांडेने नोव्हेंबर 2021मध्ये मुश्ताक अली या राज्यांच्या टी-20 स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध चार चेंडूंत चार बळी घेतले. तोही ऑलराउंडर, पण देशाने नाव ऐकलं ते बॉलिंगमुळे. उमेश यादवचे वडील खापरखेड्याकडे कोळसा खाणीत कामाला होते. तो आधी टेनिस बॉलच खेळायचा. क्लब क्रिकेट खेळलेला नाही म्हणून कॉलेजच्या संघात त्याला घेतलं नाही, तेव्हा तो विदर्भ जिमखान्यात गेला आणि तिथे लेदर बॉल हाती धरला. 2008मध्ये रणजी, म्हणजे राज्यांच्या संघांची मोठी स्पर्धा, 2011मध्ये कसोटी. विदर्भाचा संघ आज दुबळा नाही. 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीनदा रणजी जिंकली आहे. 2024-25च्या हंगामात हर्ष दुबेने 69 बळी घेऊन एका हंगामाचा विक्रम केला. या संघात शिरणं म्हणजे देशातल्या उत्तम संघात शिरणं, आणि ते त्या मानाने अवघडही झालं आहे.

म्हणून पहिलं काम, लेदर बॉल. टेनिसचा बॉल साठेक ग्रॅमचा, लेदरचा 156 ते 163 ग्रॅमचा. टेनिस बॉल उंच उसळतो, बॅटला लागला की नुसत्या जोरावर उडतो, आणि गावातली बाउंड्री तुरीच्या धुऱ्यापर्यंतच असते. लेदर बॉल स्विंग होतो, म्हणजे हवेत वळतो, सीमवर (शिवणीवर) पडून आत-बाहेर जातो, बोटाला लागला तर बोट मोडतो. टेनिसमध्ये आडवी बॅट फिरवून निघालेले सिक्सर इथे स्लिपमध्ये, विकेटकीपरच्या शेजारी, झेल होतात. याने नाउमेद होऊ नका. जोर आणि नजर त्याच्याकडे आहेच, सरळ बॅटने खेळणं शिकवता येतं.

बॉलिंगच्या बाबतीत एक गोष्ट आजच तपासा. गावच्या टेनिस क्रिकेटमध्ये फेकी बॉलिंग चालवून घेतात. लेदरमध्ये ती चालणार नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. शेजारच्या पोराला मोबाइल देऊन बाजूने स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला लावा. कोपराला झटका दिसला तर आत्ताच सुधारतो, विशीत फार जड जातं.

दुसरं, जन्मतारीख. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकलेली कितीतरी मुलं आहेत. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार यांवर एकच तारीख हवी. 16 वर्षांखालच्या मुलांची बीसीसीआय, म्हणजे भारताचं क्रिकेट मंडळ, मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वयाची चाचणी घेते. वय लपवायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला दुरूनच नमस्कार करा. वय पंधरा म्हणजे 16 खालच्या गटात त्याचा जेमतेम एखादा हंगाम उरला असेल. तो हुकला तरी 19 खालच्या गटाची वर्षं पुढे आहेत.

जिने दोन आहेत आणि दोन्हींवर पाय ठेवायचा. एक शाळेचा : जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. याचे दहावी-बारावीला क्रीडा गुणही मिळू शकतात, शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना विचारा. दुसरा विदर्भ क्रिकेट असोसिएशनचा. रणजीकडे जातो तो हाच. यवतमाळला जिल्ह्याच्या निवडचाचण्या कधी असतात हे तिथे लेदर बॉल खेळणाऱ्या क्लबमध्ये कळेल. आठवड्यातून दोन दिवस एसटीने यवतमाळला जाऊन अशा क्लबात सराव करू द्या. त्याला सध्या एवढंच पुरेसं आहे. नागपूरची अकादमी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण जो अजून जिल्ह्याच्या लेदर बॉल संघात नाही त्याच्यावर एका वर्षात एक लाख ऐंशी हजार लावू नयेत. अकादमीत प्रवेश पैशाने मिळतो, विदर्भाच्या संघात नाही. कुणी पैसे घेऊन निवड करून देतो म्हणाला, तर तो तुम्हाला लुबाडतो आहे हे पक्कं समजा.

कमाईचंही स्पष्ट बोलू. 2021मध्ये ठरलेल्या मानधनानुसार रणजीत नवा असलेल्या खेळाडूला, अंतिम अकरात असेल तर, दिवसाला 40 हजार मिळतात. साखळीचे सात सामने, चार-चार दिवसांचे, सगळे खेळला तर 11 लाख 20 हजार. आयपीएलच्या लिलावात कमीत कमी बोली 30 लाखांची. आकडे मोठे आहेत, पण विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून खेळतात अकराच जण, आणि एका दुखापतीने हंगाम जातो. म्हणून दहावी आणि बारावी सोडायची नाही. पुढे कॉलेजात गेला की विद्यापीठाच्या संघाचा आणखी एक रस्ता उघडतो. खेळाडू म्हणून नाही जमलं तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाचं शिक्षण आहे. प्रशिक्षक, फिटनेस ट्रेनर, अंपायर, स्कोअरर ही सगळी मानाची कामं आहेत आणि तिथे बारावी, पदवी उपयोगी पडते.

शरीराचं थोडं. क्लुसनर फार जड बॅट वापरायचा, पण तेवढ्यावरून मुलाला जड बॅट घेऊन देऊ नका. वाढीच्या वयात मनगट आणि खांदा दुखावतात. काश्मीर विलोची हलकी बॅट, चांगलं हेल्मेट आणि पॅड एवढं घ्या, हेल्मेटवर पैसे वाचवू नका. वेगवान बॉलिंग रोज करू देऊ नका. या वयात कमरेच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर होण्याचा धोका असतो. कंबर दुखते म्हणाला तर तेल चोळून खेळायला पाठवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एका दिवशी तीन-तीन टेनिस सामने खेळून येणं यंदापासून बंद.

मुदत ठरवा. दोन हंगाम लेदर बॉल खेळूनही जिल्ह्याच्या संघात नाव आलं नाही, तर क्रिकेट आवडीपुरतं ठेवायचं आणि शिक्षणावर जोर द्यायचा. नाव आलं, 19 खालच्या विदर्भाच्या चाचणीपर्यंत पोहोचला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा नागपूरला राहण्याच्या खर्चाचा विचार करू, आणि तोही जमिनीला हात न लावता.

सध्या त्याच्या बॉलिंगचा बाजूने काढलेला व्हिडिओ आणि जन्मदाखल्याची प्रत तयार ठेवा. दोन कागदांवर तारीख वेगळी निघाली तर दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटून दुरुस्त करून घ्या, कारण बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चढलेली तारीख बदलायला फार खेटे घालावे लागतात.