नाव ठेवण्याआधी हाक मारून बघ

तुझ्या गोष्टीतल्या कल्पित जगात राजाचं नाव ‘झ्राक्थोर’ आणि त्याच्या सख्ख्या बहिणीचं ‘एलिना’. ही दोघं एका घरात वाढली असं वाटत नाही. आधी त्या जगाच्या भाषेचे आवाज ठरव. मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. तसा एखादा नियम तुझ्या भाषेलाही दे आणि पाळ.

मग शब्द झिजू दे. आपल्या मराठवाड्यातच बघ ना, प्रतिष्ठानचं पैठण झालं, तगरचं तेर. तुझ्या राजधानीचं जुनं नाव ‘सोरवितना’ असेल तर नावाडी तिला ‘सोरना’ म्हणतील, पुजारी मात्र पूर्ण नाव घेतील. माझा सगळ्यात आवडता भाग हाच. एका नावात शेकडो वर्षं मावतात.

आणि नाव कोण ठेवतं, का ठेवतं? आधीची लेकरं दगावली की पुढच्याला नजर लागू नये म्हणून आपल्याकडं दगडू, धोंडू अशी नावं ठेवत. त्यात आईची भीती आहे. तुझ्या लोकांना कशाची भीती वाटते, ते आधी लिहून काढ.

नाव ठरलं की अंगणात उभं राहून मोठ्यानं हाक मार. लेकराला जेवायला बोलावताना जीभ अडखळली, तर ते बदल.