कोसळतो तो दूधसागर, उंची नव्हे

प्रश्न : सर, मी डिचोलीची. बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षांची तयारी करते. क्लासमध्ये चूक शोधायला वाक्य आलं : ‘द हाइट ऑफ दूधसागर, वन ऑफ इंडियाज टॉलेस्ट वॉटरफॉल्स, प्लंजेस थ्री हंड्रेड टेन मीटर्स.’ हाइट एकवचनी, प्लंजेसला एस लागलेला, म्हणून मी ‘नो एरर’वर खूण केली. उत्तर चुकलं. का ते मॅडमनी सांगितलं नाही. आणखी एक, दादाचं जीमॅटचं, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचं, जुनं पुस्तक घरात आहे. सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्यदुरुस्तीचे प्रश्न, त्या परीक्षेतून काढले म्हणतात. मग ते पुस्तक वाचू का?

उत्तर : बाय, तू अर्धी तपासणी बरोबर केलीस. एकवचनाला एकवचन जुळलं. पण घोडामैदान पुढेच आहे.

दोन स्वल्पविरामांमधला मजकूर अंगठ्याने झाक. ‘ऑफ दूधसागर’ही झाक, कारण ‘ऑफ’च्या मागून येणारं नाम कर्ता होत नाही. उरलं काय? ‘द हाइट प्लंजेस.’ उंची कोसळते. आता दूधसागर डोळ्यांसमोर आण. पावसाळ्यात रेल्वेच्या पुलाशेजारून ते पांढरं पाणी चार टप्प्यांनी खाली येतं. कोसळतो तो धबधबा. उंची ३१० मीटर आहे, ती तिथेच असते. उंचीच कोसळली तर दूधसागर ठेंगणा झाला, असा अर्थ निघेल! ‘टेम्परेचर प्लंजेस’ मात्र चालतं, कारण तापमान खरंच उतरतं. तेव्हा दोष प्लंजेसचा नाही, जोडी चुकीची जमवली.

दुरुस्ती करताना एक फसवा पर्याय हमखास असतो : ‘दूधसागर्स हाइट प्लंजेस’. मुलं त्यावर झडप घालतात, कारण वाक्याच्या तोंडाशी दूधसागर दिसतो. पण कर्ता अजून हाइटच. नुसती कूस बदलली. ‘दूधसागर, वन ऑफ इंडियाज टॉलेस्ट वॉटरफॉल्स, प्लंजेस…’ एवढंच हवं.

याला मी हसायला नको. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या अहवालात मीच लिहिलं होतं, ‘द रिझल्ट ऑफ क्लास टेन पास्ड विथ फ्लाइंग कलर्स.’ मुख्याध्यापकांनी ते माइकवरून खणखणीत वाचलं. नंतर माझाच एक माजी विद्यार्थी जवळ येऊन म्हणाला, ‘सर, रिझल्ट पास झाला. पोरांचं काय?’ हातातली नेवरी (करंजी) हातातच राहिली.

मनात मराठी करून बघावं का, असं तू विचारशील. कधी उपयोग होतो, कधी मराठीच दगा देते. ‘इसवणाचे (सुरमईचे) भाव महाग झालेत’ हे आपण बाजारात सर्रास बोलतो. खरं तर भाव वाढतात, महाग होते ती इसवण. म्हणूनच ‘द प्राइस ऑफ किंगफिश इज एक्स्पेन्सिव्ह’ आपल्या कानाला टोचत नाही. तिथे ‘हाय’ पाहिजे.

पण म्हणून सगळीकडे कीस काढत बसू नकोस. हा रस्ता म्हापशाला जातो असं आपण म्हणतो, रस्त्याला कुठे पाय आहेत? इंग्रजीतही ‘द रोड गोज टू म्हापसा’ निर्धास्त लिही. ‘नाइन्टीन सिक्स्टी-वन सॉ द एंड ऑफ पोर्तुगीज रूल’ हेसुद्धा शुद्ध आहे, जरी १९६१ या आकड्याला डोळे नसले तरी. भाषेने ज्या जोड्या आपल्या मानल्या त्या मानायच्या. त्या ओळखायला वाचन लागतं, माझ्याकडे त्याचा आडमार्ग नाही.

याच घरातली दुसरी चूक बँकेच्या पेपरात येऊ शकते : ‘गेटिंग ऑफ द फेरी अॅट चोडण, द बर्ड सँक्च्युअरी वॉज सीन.’ फेरीबोटीतून उतरलं कोण? वाक्याप्रमाणे पक्षी अभयारण्य! ते बिचारं चोडणलाच आहे, रायबंदरहून बोटीत बसलंच नव्हतं. ‘वी सॉ’ म्हण, म्हणजे उतरणारी माणसं सापडली.

दादाच्या पुस्तकाबद्दल. ऐकलंस ते खरं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात जीमॅटचं नवं रूप सुरू झालं, त्यात सेंटेन्स करेक्शन नाही. तुला जीमॅट द्यायचीच नाही, तेव्हा बिघडलं कुठे? अर्थाच्या जोडीवरचे प्रश्न त्यात कसून विचारलेले असतात. रोज पाचच सोडव, पर्याय वाचण्याआधी अंगठा लावून कर्ता आणि क्रियापद वहीत लिही. पाठीमागची उत्तरं दादाला फाडून ठेवायला सांग.