पेशींसाठीच्या गोळ्या घेऊ का, ताई?

“ताई, या गोळ्यांनी म्हणे पेशींचं आवरण दुरुस्त होतं. मग थकवा जाईल ना?”

जुनाट आजार असलेले अनेकजण मला हे विचारतात. त्यातल्या एका बाईंची ही गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

चाळिशी ओलांडलेल्या, पेशाने शिक्षिका. आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेटमुळे सांध्यांची सूज आटोक्यात आली होती, थकवा मात्र हटत नव्हता. शाळेतून आल्यावर कणीक मळण्याचंही त्राण उरत नसे. “रिपोर्ट तर चांगले आहेत,” असं नवरा म्हणायचा. सासूबाई काही बोलत नसत, पण भांडी आदळत. अशात नणंदेने फॉस्फोलिपिडच्या गोळ्यांचा डबा आणून दिला. किंमत अशी, की महिन्याचा किराणा त्यात आला असता.

मी आधी हेच सांगितलं, की डब्यावरचं सगळंच खोटं नाही. पेशीचं आवरण खरोखरच फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थांचं असतं. त्याची आज शिकवली जाणारी रचना सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडली. पुढे निकोल्सन यांनीच असे पदार्थ पोटातून देऊन थकवा कमी होतो का, यावर काम केलं आणि फरक पडल्याचं नोंदवलं. पण हे अभ्यास बहुतेक लहान होते आणि काहींमध्ये तुलनेसाठी नकली गोळी घेणारा गटच नव्हता. थकवा आपला आपण कमी-जास्त होतो, नव्या औषधाच्या आशेनेही काही दिवस उतरतो. त्यामुळे असा गट नसेल तर श्रेय गोळीला द्यायचं की नाही, ते ठरवता येत नाही.

हे त्यांना पटलं, तरी डबा हातातून सुटेना. मग विचारलं, “यात तुम्हाला सगळ्यात काय भावलं?”

“यावर लिहिलंय की थकवा पेशींत असतो. म्हणजे मी आळशी नाही ना?”

त्या दिवशीचं उरलेलं सगळं बोलणं यावरच झालं. आमवातात थकवा हे आजाराचंच लक्षण आहे आणि सूज उतरल्यावरही तो मागे राहू शकतो. ते सिद्ध करायला महागडा डबा लागत नाही. पण घरात कुणी विश्वासच ठेवत नसेल, तर माणूस छापील कागदाचा आधार शोधणारच. पुढच्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं आणि हेच सगळं त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम होते. “या सुरू केल्या की मेथोट्रेक्सेट कमी करू का?” या प्रश्नाला माझं उत्तर होतं, अजिबात नाही. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक गोळीही इकडची तिकडे करायची नाही, आणि डबाही त्यांना दाखवायचा.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासलं. बाई पूर्ण शाकाहारी, बी-१२ बरंच कमी निघालं. उपचार सुरू झाले. मेथोट्रेक्सेटच्या आठवड्यातून एकदाच्या डोसनंतरचा दिवस फार जड जातो, हे बाईंनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. डॉक्टरांनी डोस शनिवारी रात्री घ्यायला सांगितला, म्हणजे रविवारी आराम मिळेल.

आहाराचं म्हणाल तर सोयाबीन आणि शेंगदाण्यांतही फॉस्फोलिपिड असतात. जवसाची चटणी, अक्रोड जरूर खावेत, पण त्यांतल्या ओमेगा-३ या स्निग्ध घटकापैकी थोडाच भाग शरीर माशांतल्या प्रकारात बदलू शकतं. मासे खाणाऱ्यांना बांगडा, तारली उत्तम. माशाच्या तेलाने आमवाताच्या वेदना थोड्या कमी होतात असे पुरावे आहेत. पण रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल घेऊ नका.

बाईंनी दुसरा डबा घेतला नाही. थकवा बराच उतरलाय, पूर्ण गेलेला नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे असतात त्या आठवड्यात तो हमखास वाढतो, तेव्हा संध्याकाळच्या पोळ्या नवरा करतो.