वाचकांचे प्रश्न : हिवताप होऊन गेला, तरी पुन्हा का होतो?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त सहा वर्षे घानामध्ये आक्रा येथे होता. तेवढ्या काळात त्याला दोनदा हिवताप झाला. त्यानंतर तीन वर्षे तो सांगलीत राहिला आणि गेल्या वर्षी पुन्हा तेथे गेल्यावर फॅल्सिपॅरम हिवतापाने त्याला असे पछाडले की पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. तेथल्या काही स्थानिक सहकाऱ्यांच्या रक्तात परजीवी सापडतात, तरी ते कामावर येत असतात, असे तो सांगतो. कांजिण्या एकदा येऊन गेल्या की सहसा पुन्हा येत नाहीत; मग हिवतापाचे असे का? आणि आधीच्या दोन वेळांची प्रतिकारशक्ती गेली कोठे? — एक वाचक, सांगली

उत्तर : कांजिण्यांशी आपण केलेली तुलना फार उपयोगाची आहे. कांजिण्यांचा विषाणू सांगलीत असो वा आक्रात, आपल्या शरीराच्या दृष्टीने तो जवळजवळ एकच असतो. त्यामुळे त्याची ओळख एकदा पटली की ती बहुधा जन्मभर पुरते. हिवतापाचा परजीवी ही मात्र १४ गुणसूत्रे आणि पाच हजारांहून अधिक जनुके असलेली पूर्ण पेशी आहे. आपल्या मुलाला झालेल्या हिवतापाच्या, म्हणजे फॅल्सिपॅरम जातीच्या परजीवीचा संपूर्ण जनुकसंच २००२ साली वाचला गेला, तेव्हा त्यातील सुमारे ६० जनुकांच्या एका कुटुंबाकडे साऱ्यांचे लक्ष वेधले गेले होते. या जनुकांना ‘व्हार’ जनुके म्हणतात.

परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरल्यावर या जनुकांपैकी एका वेळी साधारणपणे एकाच जनुकाचा वापर करतो आणि त्यापासून तयार झालेले प्रथिन त्या पेशीच्या पृष्ठभागावर आणून ठेवतो. या प्रथिनामुळे बाधित पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते, म्हणजेच पानथरीकडे (प्लीहेकडे) वाहत जाऊन तेथे नष्ट होण्याचे संकट ती टाळते. मात्र पृष्ठभागावर आलेले प्रथिन शरीराच्या नजरेस पडते आणि आठ-पंधरा दिवसांत त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होऊ लागतात. तोवर काही परजीवींनी दुसरे जनुक वापरायला घेतलेले असते. आपल्याकडे गावात येणारा बहुरूपी आज फौजदार तर उद्या साधू होऊन दारात उभा राहतो, तसाच हा प्रकार आहे; फरक इतकाच की या बहुरूप्याच्या गाठोड्यात साठ सोंगे असतात आणि एकाच परजीवीच्या वंशावळीने झालेला आजारही त्यामुळे महिनोन्महिने रेंगाळू शकतो.

एवढेच असते, तर साठ सोंगे ओळखली की प्रश्न मिटला असता. परंतु हे गाठोडे प्रत्येक परजीवीचे निराळे असते. याचे कारण डासाच्या पोटात आहे. परजीवीचे नर आणि मादी रूप तेथे एकत्र येते. डासाने ज्याचे रक्त शोषले त्या माणसात दोन-तीन वेगळ्या वंशांचे परजीवी असतील, तर त्यांचा संकर होतो, जनुकांची नव्याने वाटणी होते आणि पुढच्या माणसाच्या शरीरात अगदी नवे गाठोडे घेऊन परजीवी उतरतात. जेथे संसर्ग दाट असतो आणि एकाच माणसात अनेक वंश नांदतात, अशा पश्चिम आफ्रिकेत हा संकर अखंड चालू असतो. घानाच्या उत्तरेकडील बोंगो जिल्ह्यात रहिवाशांच्या रक्तातील परजीवींचा अभ्यास झाला, तेव्हा या जनुकांचे हजारो प्रकार हाती लागले. गॅबॉनमधील मुलांच्या अभ्यासात तर कोणत्याही दोन मुलांच्या परजीवींमध्ये सामाईक प्रकार फारच थोडे आढळले. याउलट कंबोडियासारख्या, संसर्ग विरळ असलेल्या प्रदेशात परजीवीला संकरासाठी बहुधा स्वतःच्याच वंशाचा जोडीदार मिळतो आणि वैविध्य कमी राहते.

आता आपल्या चिरंजीवांच्या सहकाऱ्यांकडे वळू. रॉबर्ट कॉख यांनी १९०० च्या सुमारास न्यू गिनीमध्ये रक्ततपासण्या केल्या, तेव्हा लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर आणि तेथेच वाढलेल्या प्रौढांच्या रक्तात अगदी थोडे, असे त्यांना दिसले. दाट संसर्गाच्या प्रदेशात जन्मलेले मूल पहिल्या काही वर्षांत वारंवार आजारी पडते आणि दुर्दैवाने त्यातली अनेक मुले दगावतात. जी वाचतात त्यांना आधी प्राणघातक स्वरूपाच्या आजारापासून संरक्षण मिळते आणि पुढे किशोरवयापर्यंत ताप येणेही कमी होते. परजीवी अंगात शिरूच नये, इतकी प्रतिकारशक्ती मात्र जवळजवळ कोणालाच येत नाही. म्हणून तेथील प्रौढ माणूस परजीवी अंगात बाळगून कामावर जाऊ शकतो. त्याने बालपणापासून शेकडो सोंगे पाहिलेली असतात.

प्रतिकारशक्ती प्रत्येक सोंगापुरतीच असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. गांबियामध्ये १९६१ साली प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढून हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना टोचण्यात आली आणि त्यांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटले. दोनच वर्षांनी, पश्चिम आफ्रिकेतील लोकांची प्रतिपिंडे पूर्व आफ्रिकेतील परजीवींवरही परिणाम करतात, असे दाखवण्यात आले. म्हणजे अनेक वर्षे संसर्ग झेलल्यावर तयार होणाऱ्या या साठ्यात परजीवीच्या फारशा न बदलणाऱ्या भागांविरुद्धची प्रतिपिंडेही असतात, किंवा साठाच इतका मोठा होतो की दूरदेशीची सोंगेही त्यातून निसटत नाहीत.

सोंगांचे महत्त्व किती, हे पाहायचे तर मला गर्भवतींचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. आफ्रिकेतील जी स्त्री लहानपणापासून हिवतापाला पुरून उरली, तीच पहिल्या गरोदरपणात पुन्हा त्याच्या तावडीत सापडते. गर्भाची वार हे चिकटून बसण्याचे नवे ठिकाण परजीवीला मिळते आणि तेथे चिकटण्यासाठी तो जे खास प्रथिन वापरतो, ते तिच्या शरीराने पूर्वी पाहिलेले नसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला प्रतिपिंडे तयार असतात आणि धोका कमी होतो.

आपल्या चिरंजीवांचे बालपण सांगलीत गेले. आक्रासारख्या शहरात, जाळ्या आणि औषधांच्या आधाराने राहणाऱ्याला संसर्ग थोडाच होतो. सहा वर्षांत दोनदा आजार म्हणजे साठ्याची जेमतेम सुरुवात. त्यातही प्रतिपिंडे पुन्हा पुन्हा संसर्ग झाला तरच टिकून राहतात. तीन वर्षांच्या खंडात ती बरीच ओसरली असणार. आफ्रिकेत जन्मलेली, पण युरोपात स्थायिक झालेली माणसेही सुटीत गावी जाऊन आल्यावर आजारी पडतात. तथापि मूळच्या युरोपीय प्रवाशांपेक्षा त्यांचा आजार बहुधा सौम्य असतो. म्हणजे ओळख पूर्णपणे पुसली जात नाही. चिरंजीवांनी मात्र तिच्यावर विसंबू नये. प्रतिबंधक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने घ्याव्यात आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे.

जाता जाता एक सांगतो. आपल्याकडे व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जातीचा ताप काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो, त्याचे कारण पुष्कळदा वेगळे असते. यकृतात सुप्त राहिलेले परजीवी तेव्हा जागे झालेले असतात. त्यासाठीच प्रायमाक्वीन या औषधाचा १४ दिवसांचा क्रम दिला जातो आणि तो अर्धवट सोडणारे रुग्ण मी बरेच पाहिले आहेत.

प्रश्न : पुण्यात तयार होणारी हिवतापाची लस परजीवीच्या सर्व प्रकारांवर चालते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ‘आर२१’ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली असून पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तिचे उत्पादन करते. एप्रिल २०२३ मध्ये तिला सर्वप्रथम घानाने मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. वर सांगितलेल्या सोंगांच्या भानगडीत ती पडतच नाही. डासाने नुकत्याच सोडलेल्या, यकृताकडे निघालेल्या परजीवीवरील एका प्रथिनाला ती लक्ष्य करते. मात्र या प्रथिनाचेही प्रकार आहेत. त्याच धाटणीच्या आधीच्या ‘आरटीएस,एस’ लशीची चाचणी सुमारे पाच हजार मुलांच्या परजीवींच्या आधारे तपासली, तेव्हा ५ ते १७ महिने वयोगटात पहिल्या वर्षी, लशीशी जुळणाऱ्या प्रकाराविरुद्ध तिचा प्रभाव सुमारे ५० टक्के आणि न जुळणाऱ्यांविरुद्ध सुमारे ३३ टक्के निघाला. जुळणारे परजीवी दहा टक्क्यांहूनही कमी होते. मालीमधील बांदियागारा येथे, रक्तातील परजीवीच्या एका प्रथिनावर बेतलेल्या निराळ्याच लशीची चाचणी झाली होती. तिचा एकंदर प्रभाव सुमारे १७ टक्के, तर तंतोतंत जुळणाऱ्या प्रकाराविरुद्ध सुमारे ६४ टक्के होता. त्याच गावात त्या प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार आढळले होते, हे लक्षात घेतले तर या फरकाचे आश्चर्य वाटत नाही. आर२१ ची शिफारस संसर्गग्रस्त प्रदेशातील लहान मुलांसाठी आहे; नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या प्रौढांसाठी ती नाही.