पोहे सोडू नकोस, शेव चिमटीनं घे

अगं, खाणं सुधारायचं ठरवलंयस ना, मग पहिल्याच आठवड्यात वजनकाटा आणू नकोस. मी आणला होता. आठ दिवस कणीक मोजली आणि काटा ओट्याखाली गेला. वाटी-चमचा पुरतो.

अन्नाचा पिरॅमिड म्हणजे काय किती खायचं ते दाखवणारं त्रिकोणी चित्र. त्यात पायथ्याचं भरपूर खायचं, टोकाचं चिमूटभर. अमेरिकेच्या १९९२ च्या चित्रात पायथा सगळा धान्याचा होता. २०११ मध्ये त्यांनी पिरॅमिड काढून ताट आणलं, त्यात अर्धी जागा भाज्या-फळांना. हैदराबादच्या आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ मध्ये ताटच मांडलंय: २००० कॅलरींच्या दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, धान्य २५०, डाळी ८५. तेल-तूप फक्त २७.

आता आपली इंदूरची सकाळ बघ. पोहे म्हणजे धान्य, जिलबी म्हणजे टोक, वरची शेव म्हणजे पुन्हा टोक! भाजी कुठे? चार डाळिंबाचे दाणे आणि कोथिंबीर. म्हणून घरी पोहे करताना पोह्यांइतकेच मटार, गाजर, कांदा घाल. शेव चिमटीनं, मुठीनं नाही. वरून भुरभुरायच्या जीरावण मसाल्यात मीठ असतं, तेव्हा पोह्यांत मीठ कमीच टाक. शेजारी मोडाच्या मुगाची वाटी ठेव.

सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, महिन्यातून एकदा खुशाल जा. तिथला गराडू म्हणजे कंदच, पण तळलेला असतो, एक प्लेट दोघींत घ्या.

आणि हो, सासूबाईंची शुगरची गोळी चालू आहे ना? त्यांच्या ताटाचं मात्र डॉक्टरांनाच विचार.